दोन नटांचा पट्टा

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचे हे तोंड पोळायची वाटही बघत नाहीत. झोपण्याआधी दाराची कडी बघून येतात, परत जाऊन बघून येतात, आणि मग मला विचारतात, "तू बघितलीस ना?" लग्न ठरताना आईनं मला सांगितलं होतं, मुलगा जपून वागणारा आहे. आई खोटं बोलली नाही. किती जपून, तेवढंच सांगायचं तिच्याकडून राहिलं.

असा माणूस लिफ्टदुरुस्तीच्या कामात कसा टिकला, याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. मग एकदा ते डबा विसरले म्हणून मी तो घेऊन एका कचेरीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारखोलीत गेले. आत भलंमोठं चाक, त्यावरून गेलेले तारेचे काळे दोर, सगळीकडे ग्रीसचा वास, आणि जमिनीतल्या भोकांतून ते दोर खाली अंधारात उतरलेले. हे हातात चिंधी घेऊन ती एकेका दोरावरून सावकाश फिरवत होते. काय करताय म्हणून विचारलं तर म्हणाले, "चिंधी अडकली की समजायचं, तिथं एखादी तार तुटलीय."

"आणि नाही अडकली तर?"

"तर परत एकदा फिरवायची."

मी त्या भोकातून खाली डोकावले आणि दोन पावलं मागं झाले. तेव्हापासून यांना कोणी भित्रा म्हटलं की मी भांडायला उठते. मी म्हटलेलं चालतं.

लिफ्टमध्ये माणसं अडकली की कंपनी यांनाच पाठवते, कारण हे बाहेरून बोलत राहतात. तोही आवाज कसा, तर गिरणी चालल्यासारखा, ना चढ ना उतार. "मी इथंच आहे. दाराला हात लावू नका. उडी मारायची नाही. खाली बसा. सकाळी काय खाल्लंत?" आतला माणूस आधी चिडतो, मग आठवायला लागतो, आणि आठवता आठवता त्याचा श्वास जागेवर येतो. मला मात्र भर बाजारात कोणी ओळख काढून सांगितलं, की तुमच्या मिस्टरांनी मला नाश्ता विचारला होता, तर मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तर अशा माणसाच्या घरात आमच्या लेकीनं कुत्री आणली.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. तिथं येणाऱ्या एक बाई, पिल्लं विकणाऱ्यांनी नको म्हणून टाकलेल्या कुत्र्यांना घरं शोधून देतात. ही बीगल जातीची, लांब कानांची, तपकिरी आणि पांढरी. जन्मापासून एका पिंजऱ्यात. पिल्लं व्हायची, जरा चालायला लागली की जायची, पुन्हा व्हायची. आता वय झालं, होईनात, म्हणून तिचं काम संपलं.

"मला विचारलंस?" मी लेकीवर ओरडले. "एका घाबरटाला सांभाळता सांभाळता माझे केस पिकले, त्यात ही दुसरी कशाला?"

पण कुत्री तोवर दारात उभी होती. पोट ओघळलेलं, आचळं लोंबलेली, आणि जवळ एकही पिल्लू नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "आली बघा लेकुरवाळी!" मारायला गेले टोमणा, आणि बोलल्यावर तो मलाच लागला. तिला तेच नाव पडलं.

तिला सोडायला आलेल्या बाई यांच्यासमोर बसून म्हणाल्या, "एक गोष्ट लक्षात ठेवा. ही हातातून सुटली तर परत येणार नाही. घर कशाला म्हणतात हेच तिला ठाऊक नाही. घाबरली की वाट फुटेल तिकडे पळेल. अशी पळालेली मला आजवर एकही जिवंत सापडली नाही. आणि ह्या मान मागं ओढून पट्ट्यातून निसटतात, तेवढं सांभाळा."

सांगायचं ते नेमकं आमच्या यांना! त्यांच्या घशाखाली चहा उतरेना. त्या गेल्यावर हे मला हळूच म्हणाले, "सुटली म्हणजे मेली, असंच म्हणाल्या ना त्या?" मी म्हटलं, "मन चिंती ते वैरी न चिंती. गप्प बसा." पण खरं सांगायचं तर धास्ती मीही घेतली होती.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ते तारेच्या दोराला लावतात तसला छोटा क्लॅम्प घेऊन आले. वाकवलेली लोखंडी सळी आणि तिच्यावर दोन नट. लेकीनं कुत्रीला धरलं, मानेला टोचू नये म्हणून खाली टॉवेलची घडी ठेवली, आणि यांनी हात शक्य तितके लांब करून पान्यानं ते नट पट्ट्यावर आवळले. आता पट्टा मान ओढून निघणार नाही, बकल काढूनही निघणार नाही, पाना आणला तरच निघेल. दोरीही त्यांनी कामावरचीच आणली, नायलॉनची, बारीक पण हत्तीलाही न तुटणारी. तिचं एक टोक पट्ट्याला पक्कं, दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधायचं, आणि गाठ अशी की ताण आला की ती आणखी आवळते. "आता कशी सुटते बघू," हे म्हणाले. इतके खूश ते आमच्या लग्नातही नव्हते.

घरात ती कपडे धुवायच्या मशीनच्या मागच्या फटीत राहू लागली. भुंकायची नाही, कण्हायचीही नाही. आम्ही खोलीत असलो तर अन्नाला तोंड लावायची नाही. भांडं पडलं की थरथरायची, टीव्ही लावला की थरथरायची, लेकीनं हाक मारली तरी थरथरायची. आणि जिना! खालच्या पायरीवर पुढचा एक पाय ठेवायची आणि तिथंच लटलट कापत राहायची. सबंध जन्मात तिनं पायरी बघितली नव्हती. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. म्हणून तिला लिफ्टनंच न्यायचं ठरलं. लिफ्टमध्ये ती कोपऱ्यात तोंड खुपसून उभी राहायची, पण जायची.

यांना लहानपणापासून कुत्र्याच्या दातांची भीती. तिला माणसाच्या हातांची. हे तिचं भांडं केरसुणीच्या दांड्यानं पुढं सरकवायचे आणि स्वतः मागं व्हायचे. कधी स्वयंपाकघराच्या दारात दोघांची गाठ पडली तर दोघंही उलट्या पावली फिरायचे. लेक पोट धरून हसायची. मी म्हणायचे, "छान! भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि ब्रह्मराक्षसापाठी हा भित्रा." तरी सकाळ-संध्याकाळ तिला फिरवायला हेच न्यायचे. दुसऱ्या कोणाच्या हातात दोरी द्यायला त्यांचा जीव होत नव्हता.

त्या संध्याकाळी मी बेकरीतून येत होते. माझं काम पावाचे ट्रे भट्टीतून ओढून उंच मांडणीवर चढवायचं, त्यामुळं हात दमलेले होते. फाटकापाशी हे आणि ती फिरून येताना भेटले. मी माझी पिशवी सावरत फाटक तसंच उघडं टाकून त्यांच्या मागोमाग निघाले. हे लिफ्टपाशी थांबले. त्यांचा नियम ठरलेला, आधी कुत्री, मग माणूस. ती आत गेली, हे आत गेले, मी चार पावलं मागं.

आमच्या लिफ्टची दारं आपोआप सरकतात. मध्ये माणूस आला तर परत उघडतात, पण बारीक दोरी त्यांना दिसत नाही. दारं सरकायला लागली आणि खर्रर्र असा आवाज झाला. तो रोजच व्हायचा. त्या दिवशी तिला त्यात काय ऐकू आलं कोण जाणे. पिंजऱ्याचं दारही असंच सरकत असेल आणि पिल्लं न्यायला हात आत येत असतील. ती यांच्या पायांमधून झेपावून बाहेर आली. दारं मिटली. ती बाहेर, हे आत, आणि दाराच्या फटीत दोरी.

वरच्या कोणीतरी बटण दाबलेलंच होतं. लिफ्ट निघाली.

मी ते अजून डोळ्यांसमोरून घालवू शकत नाही. दोरी फटीतून वर चढायला लागली, तशी ती आधी दारावर आपटली, मग तिचे पुढचे पाय उचलले गेले, मग ती मागच्या पायांच्या नखांवर उभी राहिली. आवाज नाही. नुसतं तोंड उघडं. तेवढ्यात वर धाडकन आवाज झाला आणि लिफ्ट थांबली. यांनी आतून दारं हातांनी फाकवली होती. दार फाकलं की लिफ्ट जिथं असेल तिथं थांबते, हे त्यांना माहीत. पण थांबली ती मधेच, आणि आता ती खाली येणार नव्हती.

मी पिशवी टाकली आणि तिला कवेत धरून वर उचललं. कोणालाही हात लावू न देणारी ती, माझ्या छातीशी. तिचं काळीज माझ्या बरगड्यांवर आपटत होतं. तिनं माझं सगळं अंग ओलं केलं. मी एक हात पट्ट्यात घालायला गेले, बोटाला लागले ते दोन नट. पट्टा निघणार नव्हता. मान ओढून नाही, बकल काढून नाही. इतका बंदोबस्त होता की आता तिचा जीव गेला असता पण पट्टा गेला नसता.

"अहो! सोडा ना दोरी!" मी किंचाळले.

"मनगटाला आहे. गाठ आवळलीय." वरून आवाज आला. तोच गिरणीचा आवाज. "ऐक. मी इथंच आहे. तिला आणखी वर उचल. दोरी सैल झाली की गाठ सुटेल."

"मला जमत नाही हो!"

"जमतंय. आणखी वर. दाराला लागून उभी राहा. सकाळी काय खाल्लंस?"

"चुलीत गेलं तुमचं सकाळचं!"

"आठव की. काय खाल्लंस?"

"पाव!" मी रडत ओरडले. "पाव आणि चहा!" आणि ते ओरडताना मी तिला डोक्याच्या वर नेलं होतं, बेकरीत वरच्या मांडणीला ट्रे लावतात तसं. तिचं तोंड माझ्या कपाळावर होतं आणि ती माझ्या केसांत श्वास घेत होती, घरघरत, पण घेत होती. हे वरून बोलतच होते, ती कालची भाकरी का खात नाही, मशीनच्या मागं गार लागत असेल का, असलंच काहीतरी. ते माझ्याशी बोलत होते की तिच्याशी, मला कळेना. मग दोरी एकदम ढिली पडली आणि सापासारखी सळसळत फटीतून खाली आली.

"सुटली का?"

"सुटली!"

मी तिला खाली ठेवलं आणि माझे हात कोणा दुसऱ्याचे असल्यासारखे लोंबत राहिले. यांनी वरून हात घालून समोरच्या दाराचं कुलूप सोडवलं, तसं ते खटकन वाजून उघडलं. वर छातीइतक्या उंचीवर लिफ्टचा तळ, त्यात गुडघ्यांवर बसलेले हे, आणि खाली काळं भोक. ज्या उडीला हे सगळ्या जगाला आयुष्यभर मनाई करत आले, ती उडी यांनी मारली. मी त्यांचा शर्ट धरून त्यांना अंगावर ओढून घेतलं. दोघंही फरशीवर पडलो. उठून बघतो तर ती नव्हती.

फाटक सताड उघडं होतं. बाहेर रस्ता, गाड्या, संध्याकाळची गर्दी.

यांचा चेहरा पिठासारखा झाला. "दोरी गळ्यातच आहे," ते म्हणाले. "कुठं अडकली, एखाद्या चाकात आली, तर पट्टा सुटणार नाही. मीच तसा केलाय." दार ओढून घेऊन त्यावर लिफ्ट बंद असल्याची पाटी अडकवायला मात्र ते विसरले नाहीत. मग आम्ही धावलो.

पुढचा वेळ मला सलग आठवत नाही. भीतीनं माणूस आंधळा होतो तसं झालं होतं. लेक दुकानातून स्कूटरवर आली आणि मोठ्या रस्त्याला गेली. मी पंक्चरवाल्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, बसथांब्यावर एकेकाला विचारलं. लांब कानांची, मागं दोरी ओढत जाणारी कुत्री. कोणी पाहिली नव्हती. कुठं ब्रेक करकचला की मी तिकडं धावायचे. आणि हे? हे उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीजवळ रस्त्यावर आडवे होत होते, गाल डांबराला लावून खाली बघत होते आणि त्या रिकाम्या अंधाराशी बोलत होते. "मी इथंच आहे. घाबरू नकोस. उडी मारायची नाही." लोक बघत होते. एरवी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी जाऊन आडवी झाले.

दिवे लागले. लेकीनं स्पीकर लावून त्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुमच्या वापरातला न धुतलेला कपडा आणा, जिथून सुटली तिथं ठेवा आणि गप्प बसून राहा. दुसरं काही करता येत नाही. त्यांच्या आवाजावरून मला समजलं की त्यांनी आशा सोडली होती. लेकीला खाली फाटकाशी ठेवून आम्ही दोघं कपडा आणायला घरी निघालो.

लिफ्ट बंद. जिना चढायचा. यांनी कठडा धरला आणि पहिल्याच मजल्यावर थांबले.

"मी मारलं तिला," ते म्हणाले. "पिंजऱ्यात होती तर जिवंत तरी होती."

मी त्यांच्या दंडाला धरून चढत राहिले. दुसऱ्या मजल्यावर पायरीवर ओलं होतं. कोणाची तरी बादली हिंदकळली असेल, म्हणून मी ते ओलांडलं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावरही ओलं होतं. यांनी माझा हात दाबला.

तिसरा मजला सोडून जिना वळतो, तिथं कठड्याच्या दोन गजांमध्ये दोरी अडकली होती. घट्ट, पीळ पडून. आणि दोरीचं दुसरं टोक जिथवर पोचेल तिथवर, वरच्या पायऱ्यांवर, ती पालथी पसरली होती. पुढचे दोन्ही पाय पुढं ताणलेले, मान ताणलेली, हनुवटी पायरीवर टेकलेली. तोंड आमच्या दाराकडं. दार आणि ती यांच्यात थोड्याच पायऱ्या उरल्या होत्या.

एक पायरी न चढणारी कुत्री चौथ्या मजल्यापाशी आली होती. आम्ही सगळं गाव पालथं घातलं आणि वर बघायचं आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण सुटली की ती पळून जाणार, हे आम्ही पक्कं धरून चाललो होतो. ती फाटकाकडं गेलीच नव्हती. ती घरी यायला निघाली होती.

"आहे का?" यांनी विचारलं. स्वतः बघायचं धाडस त्यांना होईना. मी वाकले. पोट हलत होतं. डोळा फिरला आणि माझ्यावर थांबला.

"आहे," मी म्हटलं. "आहे हो."

मला वाटलं, हे आता कठड्यातून दोरी सोडवतील आणि मनगटाला गुंडाळतील. ते तिला वळसा घालून वर गेले, दार उघडलं, तसंच उघडं ठेवलं, आणि पाना घेऊन आले. मग तिच्या शेजारी पायरीवर बसले. आजवर एकदाही त्यांनी तिला हात लावला नव्हता. आता त्यांनी डावा हात तिच्या मानेखाली घातला, दातांच्या अगदी जवळून, आणि पाना नटाला लावला. पाना दोनदा निसटला. ती कापत होती. पण तिनं मान काढून घेतली नाही.

"अहो, धरून ठेवा," मी कुजबुजले. "खाली जिना मोकळा आहे. फाटक उघडं आहे. पट्टा काढलात तर धरायला काही राहणार नाही."

त्यांना ते माझ्याहून जास्त ठाऊक होतं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पहिला नट निघाला, मग दुसरा. त्यांनी पट्टा काढून बाजूला ठेवला. पट्ट्याखालचे केस घासून गेले होते, कातडी लाल झाली होती. ती मोकळी होती आणि आमच्यातल्या कोणाच्याच हातात काही नव्हतं. ती उठली. तिनं खाली, जिन्याच्या वळणाकडं बघितलं.

मग ती वळली, पुढचा पाय वरच्या पायरीवर ठेवला, थरथरली, मागचे पाय ओढून घेतले. पुन्हा पुढचा पाय. अशी एकेक पायरी चढत ती दारापर्यंत गेली आणि आत गेली.

हे तिथंच बसून राहिले. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "चला आता, उठा."

"थांब जरा," ते म्हणाले. "तिला आधी नीट आत जाऊ दे."